हेकरूचं बिऱ्हाड

रेवदंड्याचा पूल ओलांडला की मुरूडपर्यंत समुद्र उजव्या हाताला अधूनमधून दर्शन देत राहतो. आमच्या भाच्याला ते दर्शन आतून हवं होतं. तोंडात नळी, डोळ्यांवर काच, पायांत रबरी पंजे अशा थाटात तो मुरूडच्या खडकांवरून पोवळ्यांतले रंगीबेरंगी मासे पाहायला उतरला आणि मिनिटभरात वर आला.

"मामा, दुधाच्या चहात डोकं घातल्यासारखं वाटतंय."

यात समुद्राचा दोष नाही. अंबा, कुंडलिका, सावित्री या नद्या सह्याद्रीची माती इमानेइतबारे इथे आणून ओततात. पोवळ्यांना तर ऊन हवं. त्यांच्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ उन्हावरच त्यांना पोसतं. या गढूळपणात पोवळ्यांची वस्ती वाढणार कशी? खरी मोठी वस्ती आहे आंग्रिया बँकेवर, विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटर आत. म्हणजे कान्होजी आंग्र्यांची समाधी अलिबागेत आणि त्यांच्या नावाची पोवळी सिंधुदुर्गाकडे! आरमारातल्या माणसाची बदली मेल्यावरही चुकत नाही.

भाच्याला प्रवाळातल्या घराण्याचा मासा अखेर भेटला तो बाजारात, कोळीण मावशींच्या पाटीत. हेकरू. वीतभर लांब, तपकिरी अंगावर पाच रुंद काळपट पट्टे, गालाच्या कडेला दोन-चार दणकट काटे आणि खालचा जबडा असा पुढे काढलेला, की जणू लग्नात याला आहेर द्यायचा राहिलाय. याचे भाऊबंद उष्ण समुद्रांतल्या पोवळ्यांत राहतात; त्यांतला एक तर लालभडक अंगावर निळे ठिपके घालून हिंडतो. आमच्या हेकरूने मात्र ओमानच्या आखातापासून इकडे चिखलाचा आणि रेताड गाळाचा तळ पसंत केला, दहा मीटरपासून शंभराच्याही पुढच्या खोलीपर्यंत. कपडेही चिखलाला शोभणारेच. पोवळ्यांच्या दक्षिण मुंबईत राहणाऱ्या नातलगांनी नाकं मुरडली असतील, पण जागा ऐसपैस मिळाली.

हा जन्मतो मादी म्हणून आणि वाढल्यावर यांच्यातले काही नर होतात, हे मी सांगितलं. सौ. म्हणाल्या, "म्हणजे आधी अंडी घालायची, सगळं उरकायचं आणि मग पुरुष होऊन आरामात बसायचं. हुशार आहे हो!"

भाच्याने मोबाइल पुढे करून माशाचा जबडा उघडायला बोट नेलं.

"अरं बाला, काटा लागंल!" मावशी ओरडल्या. "फोटो कसले काढतंस? घेतंस का बोल."

मी सवयीने अर्धा भाव सांगितला. मावशींनी माझ्याकडे न बघता कोयता उचलला आणि सौ.ना विचारलं, "ताई, डोकं कालवणाला ठेवू ना?"

"ठेवा," सौ. म्हणाल्या.

भाव मावशींचाच लागला.