तेहतीस अनारसे आणि एक शिट्टी

सासरे आणि जावई यांना एका कनूत बसवू नये असं धर्मशास्त्रात कुठे लिहिलेलं नाही. ते लिहिणाऱ्यांनी कनू पाहिली नव्हती, एवढंच त्याचं कारण.

कनूला सुकाणू नसतं. मागे बसलेला वल्ह्याने नाव वळवतो आणि पुढे बसलेल्याला खडक दिसतात. म्हणजे ज्याला दिसतं त्याच्या हातात काही नाही, आणि ज्याच्या हातात सगळं आहे त्याला समोर फक्त सासऱ्यांची पाठ दिसते. अशा वेळी पुढच्याने मागच्यावर खेकसायचं असतं. जगभर असंच चालतं. पण आमचे अण्णा साताऱ्याचे, आणि २०२३ सालच्या त्या जुलैअखेरीस अधिक श्रावण चालू होता. धोंड्याच्या महिन्यात जावयावर खेकसणं म्हणजे गाभाऱ्यात चपला घालून जाणं.

आमच्या कॅनडातल्या मिसिसागाच्या घरात तेव्हा महिन्याचं बाळ होतं. सासूबाई बाळंतपणाला आल्या होत्या, आणि घरातले दोन पुरुष सतत पायात येतात अशी दोन्ही बाजूंनी तक्रार होती. बायकोने शनिवार-रविवारचं अल्गॉन्क्विन पार्कचं आरक्षण करून टाकलं. सासूबाईंनी तीन दिवस तांदूळ भिजत घालून, खसखस लावून तेहतीस अनारसे तळले आणि स्टीलच्या डब्यात वाण म्हणून माझ्या हातात ठेवले. "हे जावईबापूंनीच संपवायचेत," असं त्यांनी अण्णांना बजावलं. मला कोणी काही विचारलं नाही.

टोरांटोपासून तीन तास उत्तरेला. बॅरी सुटलं आणि पाऊस सुरू झाला. अण्णांनी काच खाली करून हात बाहेर काढला आणि निकाल दिला, "ही भुरभुर आहे." ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत आणि नोकरीचा बराच काळ त्यांनी कोयनेवर काढलाय. कोयनानगरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे पावसाळे काढलेल्या माणसासमोर ओंटारिओच्या ढगांनी कितीही आदळआपट केली तरी त्यांची बदली कायम दुष्काळी तालुक्यातच व्हायची. हंट्सव्हिलला वायपर पुरेनात तेव्हा "आता जरा सर आली" एवढी बढती मिळाली.

अल्गॉन्क्विन १८९३ साली स्थापन झालं. साडेसात हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आणि दोन हजारांवर तळी. आत मुक्कामाला जायचं तर मुख्य वाहन कनू. आम्ही जिथून निघणार होतो त्या तळ्याचं नावही कनू लेक. तिथल्या दुकानात अण्णांनी भिंतीवरचा मजकूर चष्मा पुसून पुसून वाचला. टॉम थॉमसन नावाचा मोठा चित्रकार याच तळ्यात जुलै १९१७ मध्ये कनूतून गेला तो परत आला नाही. आठ दिवसांनी प्रेत मिळालं. तो कसा मेला यावर लोक अजून भांडतात.

"वल्हवता येत होतं का त्यांना?" अण्णांनी विचारलं.

"उत्तम. इथे वाटाड्याचं कामही करायचे."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग पावसाकडे पाहिलं आणि लाइफ जॅकेटचा पट्टा एक घर आवळला.

आत काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे न्यायला बंदी आहे, म्हणून लोणचं बाटलीतून प्लास्टिकच्या डबीत गेलं. अनारशांचा डबा घरचा, वापरून फेकायचा नव्हे, म्हणून सुटला. कनूबरोबर कायद्याने लागणारं सामान मिळालं: पाणी उपसायचं भांडं, पंधरा मीटर तरंगती दोरी आणि शिट्टी. शिट्टी अण्णांनी ताबडतोब गळ्यात अडकवली.

पहिला खडक आला तेव्हा अण्णा म्हणाले, "जावईबापू, उजव्या अंगाला एक खडक आहे बरं का." मला वाटलं, खडक बघण्यासारखा असेल. मी मान वर करून बघत असतानाच तो खालून भेटला.

दुसऱ्या खडकाला त्यांनी जास्त स्पष्ट बोलायचं ठरवलं असावं. पण "आपल्याला अडचण नसेल तर थोडं डावीकडे घेतलंत तर बरं होईल" या वाक्याची लांबी आणि खडकाचं अंतर यांचा मेळ बसेना. क्रियापद यायच्या आत कनू आडवी झाली होती. मीही काही कमी नव्हतो. "अण्णा, आपण वल्हं पाण्यात घालाल का?" असं मी पाठीला विचारत होतो. मागून एक घरंदाज कॅनेडियन जोडपं एकमेकांना शिव्या घालत आलं आणि सरळ रेषेत पुढे निघून गेलं.

शेवटी अण्णांमधला अभियंता जागा झाला. धरणातून पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या गावांना भोंगा देतात. भोंगा कोणाला अहो-जाहो करत नाही आणि कोणाचा अपमानही करत नाही. एक शिट्टी म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, तीन म्हणजे थांबा. ठरलं. आणि काय सांगू, कनू सुतासारखी चालायला लागली.

कनू लेक आणि जो लेक यांच्यामध्ये एक छोटासा बंधारा आहे. तिथे कनू डोक्यावर घेऊन चालावं लागतं, त्याला पोर्टाज म्हणतात. "नाव पाण्यातून न्यायची की पाण्याबाहेरून, हे यांचं एकदा ठरू दे," असं म्हणत अण्णांनी छत्री उघडली. मी उलटी कनू खांद्यांवर घेतली. अख्ख्या प्रवासात मी कोरडा होतो तो तेवढा वेळ. पण बंधारा दिसल्यावर अण्णा थांबले. आधी पाझर बघितला, मग सांडवा, मग खालच्या अंगाची धूप. कनूच्या आतून मला फक्त त्यांचे गमबूट दिसत होते आणि "काम बरं आहे, पण देखभाल…" असं काहीतरी ऐकू येत होतं. निवृत्त माणसाचा तपासणी दौरा मध्येच तोडता येत नाही, आणि कनूखालून तर मुळीच नाही.

जो लेकवर आमची मुक्कामाची जागा दिसली तेव्हा पाऊस अण्णांच्या हिशेबानेही 'बरा' झाला होता. उतरायला सपाट कातळ होता. अण्णांनी छाती भरून श्वास घेतला आणि थांबण्याची खूण केली. तीन शिट्ट्या. मला कळलं नसेल म्हणून पुन्हा तीन.

इकडच्या रानात तीन शिट्ट्या म्हणजे 'वाचवा'.

समोरच्या काठावरून एक लाल कनू सुटली. सत्तरीच्या दोन बायका, पांढरे केस, आणि वल्ही अशी की तळं दुभंगत होतं. कातळाला लागताच एकीने प्रथमोपचाराची पिशवी उघडली आणि दुसरीने उशीर झाल्याबद्दल माफी मागितली. अण्णा छत्री धरून उभे होते. काय झालं हे मी सांगेपर्यंत त्यांनी दोघींना ताडपत्रीखाली बसवलं आणि मला म्हणाले, "जावईबापू, चहाचं बघा." एवढ्या लांबून पावसात धावत आलेल्या माणसाला तोंड गोड केल्याशिवाय पाठवायची पद्धत आमच्यात नाही. डबा उघडला गेला. बायकांनी प्रत्येकी चार अनारसे खाल्ले, कृती विचारली, आणि तांदूळ तीन दिवस भिजवायचा हे ऐकून गप्प झाल्या. जाताना त्यांनी अण्णांना नदीची खरी खूण शिकवली: उभं धरलेलं वल्हं ज्या बाजूला झुकवाल, त्या बाजूला वळा. एक शब्द नाही, एक शिट्टी नाही.

रात्री अस्वलांच्या भीतीने खाण्याची पिशवी झाडाला टांगतात, जमिनीपासून चार मीटर उंच आणि खोडापासून दोन मीटर लांब. अण्णांनी दोरीचा कोन तपासला. मग पाऊस मोजायला मी बाहेर पेला ठेवायला निघालो, तर त्यांनी मला अडवलं: पेला वर पसरट असतो, आकडा फुगतो. उभ्या कडांची लोणच्याची डबी रिकामी करून ठेवण्यात आली. सकाळी चोवीस मिलिमीटर निघाले, किंचित आंबट. अस्वल आलं नव्हतं. पण डबा खाली काढून झाकण उघडताच एका चिपमंक खारीने अनारसा पळवला. तिच्या पाठीवरचे पट्टे बघून अण्णा म्हणाले, "म्हणजे राम इथवर आला होता."

परतताना गाडी हायवेला लागली आणि फोनला रेंज आली. सासूबाईंचा पहिला प्रश्न अस्वलांबद्दल नव्हता आणि पावसाबद्दलही नव्हता. "जावईबापूंनी तेहतीसच्या तेहतीस संपवले का?"

आयुष्यभर मोजमाप-पुस्तिकेत एक मिलिमीटर इकडचा तिकडे न केलेल्या अण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं. "सगळे संपले," ते म्हणाले.

"बघा! म्हणजे आवडले. पुढच्या अधिकाला दुप्पट करते."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ बोटांवर काही मोजत होते. "पुढचा अधिक ज्येष्ठ. २०२६, मेच्या मध्यावर लागतो. तेव्हा इथे पाऊस असतो का हो, जावईबापू?"

"पावसाचं सांगता येत नाही, अण्णा. काळ्या माश्या नक्की असतात. चावतात."

"चालेल," अण्णा म्हणाले. "त्या अनारसे खातात का, तेवढं बघून ठेवा."