शिळफाट्याचे कंटेनर आणि काकींचे दिबा

"काय गो वैनी, आत्ता आलीस?" कुंपणापलीकडून काकींनी हाक मारली. मांडीवर सूप, सुपात सुकट.

"शिळफाट्यापासून मानपाड्यापर्यंत दीड तास, काकी! पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे मेट्रोचे खांब."

"ते माझ्या माहेरचे पाहुणे गो."

काकींचं माहेर उरणकडचं. न्हावाशेवा बंदराचं नाव निघालं की सुपातला हात थांबतो आणि दिबा सुरू होतात. दि. बा. पाटील, गाव जासई. आगऱ्याचा पोर वकील झाला. शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा घेऊन 1957 साली पनवेलचा आमदार झाला. पुढे 1972ला विधानसभेत थेट विरोधी पक्षनेता, आणि दोनदा खासदार.

"एवढं वजन होतं, तर बंदर का नाही अडवलं?" मी मुद्दामच डिवचलं.

"अडवायचं कुठं होतं? सरकार म्हणे पैसे घ्या नि वाटेला लागा. दिबांचं म्हणणं, नुसत्या पैशांवर बोळवण नको, जमीन तयार केलीत की त्यातला वाटापण द्या. वकिलाचं डोकं! मालाची ने-आण देशाची, मग खाजणं-भाताची शेतं फुकट का?"

मग आवाज उतरला. जानेवारी 1984. दास्तान फाटा. शेतकऱ्यांच्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार, त्यात पाच जण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. पण बंदरासाठी जमिनी दिलेल्यांच्या हातात त्याची कागदं पडली 2014ला, पंतप्रधान आले तेव्हा. बंदर तर 1989लाच सुरू झालेलं.

"माल बोटीवर चढतो भराभर, आमचा वाटा मात्र तीस वर्सं वाटेत," काकींनी सूप पाखडलं.

"आणि शेवटी दिबा शिवसेनेत गेले ना?"

"गेले! आमच्या सासऱ्यांनी दोन दिवस धड जेवण नाही घेतलं." मग माझ्याकडे झुकून, "पण नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांऐवजी बाळासाहेब ठाकऱ्यांचं नाव घाटत होतं, तवा हेच सासरे, ऐंशीच्या घरातले, मास्क लावून सिडकोला घेराव घालायला निघाले. 24 जून, दिबांची पुण्यतिथी. घसा बसवून आले."

रस्त्यावर लांबलचक हॉर्न वाजला. काकींनी पसाभर सुकट कागदात बांधून कुंपणावरून पुढे केली.

"घे, उरणची आहे. भावानं सकाळी धाडली. तोपण शिळफाट्यावर दोन तास अडकला."