ऐकलंत का, आतड्याच्या सुजेवर म्हणे गांजाचं तेल!

अहो, ऐकलंत का? या जरा अशा कुंपणाशी, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही. आमच्या वन्संचा धाकटा, तोच हो, आतड्याला सूज आहे म्हणून कधीपासून गोळ्या घेतोय तो. परवा भर पंगतीत म्हणाला, "मी आता गांजाचं तेल सुरू करणार." वन्संच्या हातातला वरणाचा डाव तसाच वर राहिला. त्यांच्या यजमानांना ठसका लागला. आणि आमच्या सासूबाई? ताक भुरकत म्हणाल्या, "त्यात काय एवढं! संग्रहणीला वैद्य जातीफलादि चूर्ण द्यायचे, त्यात भांगच असायची की." वन्संचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! पोराला गप्प करायला आईकडे पाहिलं, तर आईच त्याच्या बाजूनं...

तर काय सांगत होते, पोरगं काही उगाच बोललं नाही हो. इस्रायलचं वाचून आलं होतं. ते रसायनशास्त्रज्ञ मेशुलम नाहीत का, राफाएल मेशुलम, 2023 मध्ये गेले ते? तरुणपणी रेहोवोतच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये होते. संशोधनाला चरस हवा. तो आणायचा कुठून? संस्थेच्या कारभाऱ्यांनी पोलिसातल्या ओळखीच्या साहेबाला फोन लावला. पलीकडून एवढंच विचारलं, "माणूस भरवशाचा आहे ना?" "आहे." झालं काम! पाच किलो लेबनीज चरस घेऊन स्वारी चक्क बसनं परत निघाली. बसमधले लोक वास घेताहेत, हा कसला दर्प म्हणून... मागाहून कळलं, परवानगी आरोग्य खात्याची लागते, पोलिसांना द्यायचा अधिकारच नाही. माफी मागितली आणि सुटले. आपल्याकडे एवढा माल सापडता, तर अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यानं जामिनाचीसुद्धा मारामार!

असो. 1964 मध्ये मेशुलमांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं, गाओनींनी, मिळून चरसातलं नशेचं द्रव्य, टीएचसी, शुद्ध करून दाखवलं. मग काय केलं माहितीये? बायकोनं केक केला! घरी मित्रमंडळी जमली होती. पाच जणांच्या तुकड्यांत दहा दहा मिलिग्राम टीएचसी, बाकी पाच जणांना साधा केक. एकजण म्हणे, "मला काहीच झालं नाही," आणि तोंड म्हणून बंद होईना. दुसरं कुणी म्हणतंय, मलाही काही नाही, आणि मिनिटामिनिटाला खुदकन हसतंय. एकाला तर जीव घाबरा झाला. साध्या केकवाले बसले आपले बघत.

हं, पण आतड्याचं काय, ते राहिलंच. अहो, टीएचसीसारखं काम करणारी द्रव्यं आपलं शरीर स्वतःच करतं. त्यातलं एक तर मेशुलमांच्या मंडळींनी 1995 मध्ये कुत्र्याच्या आतड्यातून काढलं. आतड्याच्या नसांवर आणि सूज आणणाऱ्या पेशींवर या द्रव्यांना धरणाऱ्या जागा असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. नसांवरचे जागे झाले की आतड्याची चाल मंदावते, कळ कमी जाणवते. आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांची सूजसुद्धा कमी झालेली दिसली. मग सगळ्यांना वाटणारच, की आता माणसाची पाळी!

आणि इथे येतात डॉक्टर टिम्ना नफ्ताली, केफार सबाच्या मेइर हॉस्पिटलच्या. बाई हुशार, आणि प्रामाणिक हो! 2013 मध्ये क्रोन्सचे, म्हणजे आतड्याच्या सुजेच्याच एका आजाराचे, 21 रुग्ण घेतले, आठ आठवडे. काहींना खऱ्या गांजाच्या सिगरेटी, काहींना द्रव्य काढून टाकलेल्या. खऱ्या गटात 11 पैकी 10 जणांचा त्रास बराच कमी झाला, दुसऱ्या गटात 10 पैकी चौघांचा. आनंदीआनंद! पण रक्तातली सूज दाखवणारी सीआरपी मोजली, तर ती होती तिथेच. शिवाय मला सांगा, खरी ओढणाऱ्याला कळायचं राहतं का?

मग 2018 मध्ये व्हिएन्नाला मोठी परिषद भरली. बाईंनी सिगरेट सोडून तेल आणलं, 46 रुग्ण. तेलवाल्यांपैकी 65 टक्क्यांचा त्रास जवळजवळ शमला, खोट्या तेलवाल्यांत 35 टक्क्यांचा. आता कोलोनोस्कोपीचा रिझल्ट ऐका. आतली सूज दोन्ही गटांत सारखीच! म्हणजे पोट दुखत नाही, झोप लागते, भूक लागते, आणि आत सूज तशीच. फोडणी जळतेय आणि आपण नाकाला पदर लावून बसलोय, त्यातला प्रकार. बाईंनी तेही उघड सांगून टाकलं. दुसरं कुणी असतं तर 65 टक्केच मिरवत बसलं असतं.

आणि गांजातलंच, पण नशा न आणणारं ते सीबीडी, ज्याच्या बाटल्या घेऊन हल्ली सगळे फिरतात? तेही नफ्तालीबाईंनीच 2017 मध्ये क्रोन्सवर एकटं देऊन पाहिलं होतं, रोज 20 मिलिग्राम. काही फरक नाही. डोस कमी पडला असेल, असंही आहे म्हणा.

पण मला खरा शॉक बसला तो कॅनडाच्या कॅलगरीचं वाचून. तिथे 2014 मध्ये आतड्याच्या सुजेच्या 313 रुग्णांची पाहणी छापून आली. गांजा घेणारे म्हणत होते बरं वाटतं, आणि क्रोन्सवाल्यांत सहा महिन्यांहून जास्त घेणाऱ्यांवरच ऑपरेशनची पाळी जास्त आलेली! आता गांजामुळे आतडं बिघडलं, की जास्त बिघडलेलेच गांजाकडे वळले, हे त्या आकड्यांतून ठरत नाही. पण दुखणं दबलं की माणूस डॉक्टरकडे उशिरा जातो, हे तुम्हीआम्ही घराघरांत पाहतोच की.

माझं विचाराल तर कळ शमवायला त्याचा उपयोग दिसतो. सूज बरी करतं म्हणायला मात्र अजून आधार नाही.

तेव्हा तुमच्या माहितीत कुणी असेल, तर एवढं कानावर घालाच. चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, तेलाचं डॉक्टरांपासून लपवायचं नाही, आणि बरं वाटतंय म्हणून कोलोनोस्कोपीची तारीख चुकवायची नाही. आणि हो, मी सांगितलं म्हणून सांगू नका हं!