झाली?

रत्नागिरीच्या दर आळीत एक तरी आप्पा असे असतातच, ज्यांचं पंचांग संडासात ठरतं. सकाळी मांडवीच्या जेटीवर भेटले की रामराम नाही, थेट प्रश्न, ‘झाली?’ आपण ‘हो’ म्हटलं की चेहऱ्यावर असूया. ‘नाही’ म्हटलं की खांद्यावर हात.

दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यात काहीही चालतं, हे डॉक्टरी माप त्यांना मान्य नाही. एक दिवस चुकला की घरात सुतक. फडताळात त्रिफळा, एरंडेल, सोनामुखी. इसबगोल तर कोरडंच तोंडात टाकून वर दोन घोट चहा! ‘आप्पा, त्याला पेलाभर पाणी लागतं, नाहीतर ते घशात किंवा आतड्यात अडकून बसतं.’ ‘मेल्या, तू जन्मायच्या आधीपासून कुंथतोय मी!’ पाणी पीत नाहीत, कारण रात्री उठावं लागतं. ताटातली पालेभाजी बाजूला, गुरगुट्या भात नि तूप पुढे. हाडांसाठी घेतलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांनीही मळ खडा होतो, पण दोष मात्र काकूंच्या चपात्यांना.

एवढं सगळं रंगरूपासकट गावाला सांगणाऱ्या आप्पांनी एकच गोष्ट दाबून ठेवली. रक्त पडत होतं. काकूंना ते कळलं धुवायच्या पायजम्यावरून. ‘मूळव्याध असेल गो, कोकणात कुणाला नाही?’ काकूंनी ऐकलं नाही, रिक्षा बोलावली.

डॉक्टरांपुढे आप्पा म्हणाले, ‘तसं ठीक आहे.’ काकूंनी पिशवीतून पायजमाच काढला. डॉक्टर उखडले. रक्त पडलं, विनाकारण वजन उतरलं, पन्नाशीनंतर नेहमीची सवय अचानक बदलली, तर चूर्ण चाटत बसायचं नाही. आणि पोट फुगून वारासुद्धा सरेना, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच तासाला इस्पितळ गाठायचं!

दुर्बिणीने आतडं तपासायचं ठरलं. त्याआधी ते धुऊन निघावं म्हणून पावडर कालवलेलं दोन लिटर पाणी प्यायला दिलं. आप्पा रात्रभर आत-बाहेर. तपासणीत मूळव्याध निघालीच, शिवाय आतड्यात एक लहानसा कोंब. असले काही कोंब पुढे कर्करोगाकडे वळतात, म्हणून तो तिथल्या तिथे काढला.

आप्पांना त्याचं काही नाही. दोन दिवसांनी जेटीवर माझं मनगट धरून, डोळे मिटून म्हणाले, ‘नुसतं पाणी रे, आरपार! त्या पावडरीचं नाव तेवढं लिहून घेतलंय.’