क्लिप गेलीय!

हे गृहस्थ तुमच्याही गाडीत कधीतरी बसले असतीलच. ड्रायव्हरशेजारी बसायचं, पट्टा लावायचा आणि गप्पा रंगात आल्या की एकदम तर्जनी वर करायची. "श्शू... ऐकलंत?" तुम्ही काहीही ऐकलेलं नसतं. त्या क्षणापासून मात्र तुम्हाला दुसरं काही ऐकू येत नाही.

आमच्या इमारतीतले नाना याच पंथातले. निदान एकच: "क्लिप गेलीय."

गाडीच्या दाराचा आतला पॅड कडेकडेने प्लॅस्टिकच्या क्लिपांनी पत्र्यात दाबून बसवलेला असतो. उन्हाने क्लिपा कडक होतात. काच अडकली म्हणून किंवा स्पीकर बसवायचा म्हणून पॅड उघडला की त्यातल्या दोन-चार तुटतात आणि मेकॅनिक उरलेल्यांच्या भरवशावर बुक्की मारून पॅड बसवून देतो. खडखड सुरू. गोष्ट एवढीच, पण नाना ती सत्यनारायणासारखी अध्यायवार सांगतात.

कात्रजच्या घाटात त्यांनी माझ्या दाराला गुडघा लावून धरला. "आता येतोय? आणि आता?" गुडघा लावला की आवाज बंद, काढला की सुरू. पॅडच तो, सिद्ध झालं! घाटातल्या देखाव्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

रविवारी ते पार्किंगमध्ये उतरतात. पॅड उचकटायला काकूंचं उलथनं, पत्र्याला ओरखडा नको म्हणून त्याला गुंडाळलेलं काकूंचंच फडकं. वर काकू तव्यापाशी उभ्या. जुन्या गाडीत काचेचं हँडल काढायचं तर त्याच्यामागे तेच फडकं घालून सरसर ओढायचं. आतली स्प्रिंग टणकन उडते आणि मग इमारतीतली सगळी पोरं गाडीखाली शोधायला. नानांचं तीर्थक्षेत्र नाना पेठ. तिथून आणलेल्या क्लिपा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असतात. लग्नात अक्षता वाटत आल्या तेव्हा त्यांच्या मुठीतून वरपक्षावर काय काय पडलं असेल, देव जाणे.

त्यांचं ज्ञान पक्कं आहे, हे मी दात-ओठ खाऊन मान्य करतो. तिसऱ्या मजल्यावरच्या तरुणाने खडखड घालवायला दारात तळापर्यंत फोम कोंबला, तेव्हा नाना कडाडले, "गाडीचा हौद करताय?" काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरणारच. ते तळाच्या भोकांतून निघून जातं. भोकं बुजली की पत्रा सडतो. पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद फाडून फेकणाऱ्या मेकॅनिकला तर ते माणसांत धरत नाहीत.

पण क्लिप दारापुरती राहिली असती तर! आघाडीचं सरकार पडलं: "क्लिप गेली." भाच्याचं बिनसलेलं लग्न नातेवाइकांनी बैठक घेऊन सावरलं, ते पुन्हा मोडलं: "मोडणारच. जुन्याच क्लिपांवर दाबून बसवलं होतं." माझा गुडघा दुखतो म्हटल्यावर त्यांनी तो दोन बोटांनी हलवून पाहिला. स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ मात्र वर्षानुवर्षं ठिबकतोय. तो त्यांना ऐकू येत नाही. पाण्याला क्लिप नसते.

मागच्या पावसाळ्यात नाना माझ्या गाडीत बसले आणि गप्प राहिले. मागचं दार ताशासारखं वाजत होतं. मला वाटलं, रुसले. मी मुद्दाम एका स्पीडब्रेकरवरून गाडी जरा जोरातच नेली. नाना शांतपणे खिडकीबाहेर पाहत होते. "छान झालीय हो गाडी," म्हणाले. घरी काकूंनी सांगितलं, कान गेलेत, आणि यंत्र लावायला तयार नाहीत. मी ती खडखड दुरुस्त करून घेतली नाही. का, ते विचारू नका. गाडीत एवढी शांतता मला कधीच नको होती.

शेवटी मुलीने दटावून यंत्र बसवलं. दुसऱ्याच दिवशी त्यांना बँकेत सोडायचं होतं. गाडी फाटकाबाहेर पडली, सोसायटीसमोरच्या खड्ड्यात आदळली आणि नानांची तर्जनी वर गेली. मग मधलं बोट. मग उरलेली दोन. चेहरा नातू झाल्यासारखा.

"अहो, चारही दारं!"