टक्केवारीत फक्त तक्रारदार नाही

कर्मचारी न केलेल्या कामाचे तास लावतात, ही न्यू यॉर्क महापालिकेची जुनी डोकेदुखी. ती घालवायला १९९८ साली ‘सिटीटाइम’ नावाची संगणकीय हजेरी बसवायचे ठरले. अंदाजपत्रक ६ कोटी ३० लाख डॉलरचे. २०१० पर्यंत आकडा ७० कोटींच्या घरात गेला, कारण हजेरी बसवायला आलेले सल्लागारच तासांवर बिले लावत होते आणि प्रत्येक तासामागे वर कुणाचे तरी कमिशन ठरलेले होते. कंत्राटदार कंपनीत २००५ सालीच अंतर्गत तक्रार झाली होती. ती तिथेच जिरली. शेवटी २०१२ मध्ये कंपनीने ५० कोटी डॉलर भरले, तेव्हा प्रकरण मिटले. योगायोग असा की, महापालिकेला फसवणाऱ्याची खबर द्या आणि वसुलीत वाटा घ्या, असा कायदा त्या शहराने त्याच २००५ मध्ये केला.

आपल्याकडे असा कायदा करायचा म्हटले, तर पहिला आक्षेप संस्कृतीचा येईल : पैशासाठी तक्रार? शोभते का? पण पालिकेच्या कामात पैशासाठी नसतो कोण? नालेसफाईपासून डांबरापर्यंत टक्केवारी सगळ्यांना पाठ असते. निःस्वार्थ राहायची सक्ती एकट्या तक्रारदारावर. लिंकनच्या काळात सैन्याला पुरवठादार लुबाडत होते, तेव्हा १८६३ साली अमेरिकेने तक्रारदाराला वसुलीत वाटा देऊन हाच लोभ उलट्या बाजूने जुंपला. आज तिथल्या केंद्रीय कायद्यात तक्रारदाराचा वाटा साधारण १५ ते ३० टक्के आहे. ही बहुधा जगातली एकमेव टक्केवारी, जी चेकने मिळते.

बक्षिसापायी खोट्या तक्रारींचा पूर येईल, हा दुसरा आक्षेप. येतीलही काही. पण वसुली नाही तर वाटा नाही, मग खोटी तक्रार करून हाती काय लागणार? शिवाय आपल्या सरकारला बक्षिसाचे वावडे मुळीच नाही. सीमाशुल्क किंवा जीएसटी बुडवल्याची खबर दिली तर वसुलीच्या २० टक्क्यांपर्यंत मिळू शकतात. तिजोरीत न आलेल्या पैशाला भाव आहे. तिजोरीतून गेलेल्याची चौकशी करणारा मात्र विघ्नसंतोषी. त्याच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संसदेने मंजूर केला, पण तो लागू व्हायला मुहूर्त सापडलेला नाही. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून त्याआधीच, २०१० मध्ये झाला होता.

तोवर पद्धत चालू आहेच. ‘गोपनीय’ लिहिलेला अर्ज आवक विभागात सर्वांसमक्ष फोडायचा, शिक्का मारायचा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच कार्यकारी अभियंत्याकडे, तक्रारदाराच्या मोबाइल नंबरसह, ‘उचित कार्यवाहीसाठी’ पाठवायचा.