पंधरा मिनिटांचा स्वयंपाक

सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि बायको तीन आठवड्यांसाठी इंदापूरला निघाली. निघताना तिनं मला डबे दाखवले, गॅसचा कॉक दाखवला आणि शेवटी, तोडीला आलेल्या उसाच्या बांधावर उभा राहून शेतकरी अवकाळी ढगाकडे बघतो तसं माझ्याकडे बघितलं.

‘जमेल ना?’

मी नुसता मोबाइल वर केला. त्यात ‘पंधरा मिनिटांत पौष्टिक जेवण’ या जातीचे चाळीसेक व्हिडिओ मी साठवून ठेवले होते.

पौष्टिकची भानगड डॉक्टरांनी लावलेली. आमचा बारामती-इंदापूरचा मुलूख साखरेचा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, जिकडे जावं तिकडे कारखान्याचं धुराडं. इथं कारखान्याचा साखर उतारा वाढला की पेढे वाटतात. माझा वाढला तर डॉक्टरांनी पेढे बंद केले.

पहिल्या संध्याकाळी ओट्स आणि भाज्यांचा उपमा करायला घेतला. व्हिडिओतल्या बाईंच्या ओट्यावर अकरा काचेच्या वाट्या होत्या. कांदा चिरलेला, गाजर किसलेलं, मटार सोललेले, मिरच्या देठं काढून हजर. बाईंनी हसत हसत एकेक वाटी कढईत उपडी केली आणि उपमा झाला. माझ्याकडे सगळा माल मंडईतून आणला तशाच अवस्थेत होता. मला एक तास पन्नास मिनिटं लागली, त्यात कांद्यानं रडवलेली वीस मिनिटं धरलेली नाहीत.

शिवाय वरच्या फळीवरून ओट्सचा डबा काढताना कोपर लागून कांदा-लसूण मसाल्याची चिनी मातीची बरणी खाली आली. फरशी तांबडी झाली आणि वरचे दोन मजले शिंकले. मी तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून गुपचूप कचऱ्यात टाकले आणि मनाची समजूत घातली, ‘तिखटच तर आहे. दुकानात मिळतं.’

चौथ्या दिवशी मी वडापाव-मिसळीवर आलो. ही बातमी कशी फुटली माहीत नाही, पण पाचव्या दिवशी सुप्याकडून एसटीनं आत्या आली. वय अठ्ठ्याहत्तर, हातात पिशवी, तोंडात तंबाखूची मिसरी.

‘काय रं बाळ्या, वाळलास की!’ असं माझ्या पोटाकडे बघत म्हणून ती थेट स्वयंपाकघरात शिरली.

बाहेरच्या माणसाला बारामती म्हणजे नुसती हिरवीगार वाटते. पण तालुक्याचे दोन तुकडे आहेत. १८८५ साली नीरेचा डावा कालवा आला. त्याचं पाणी जिथं पोचलं तो बागायती, आणि पोचलं नाही तो सुपे-मोरगावकडचा जिरायती. आत्या पक्की जिरायती. तिच्या स्वयंपाकात पाणी कमी, तेल कमी, भांडी कमी आणि वेळ तर नाहीच. सकाळी आठला दुसऱ्याच्या रानात खुरपायला हजर व्हायचं, तर त्याआधी सहा माणसांची न्याहारी उरकलेली हवी. झटपट स्वयंपाक ही तिथली आवड नव्हती, हजेरी होती.

तिनं पिशवीतून हुलग्याच्या पिठाची पुडी काढली. परातीत पीठ, लसूण-जिऱ्याचं वाटण, तिखट, मीठ. मळलं. कढईत फोडणी देऊन पाणी आधणाला ठेवलं आणि ते उकळेपर्यंत तळहातावर पिठाच्या लांब वळ्या वळून, त्यांची टोकं जुळवून कडी करत गेली. कड्या आधणात पडल्या, रस्सा दाटला, शेंगोळी तयार. मी मोबाइलवर वेळ लावली होती. बावीस मिनिटं. त्यातली सात सुप्यातल्या कुणाच्या तरी मोडलेल्या सोयरिकीची, म्हणजे निव्वळ स्वयंपाक पंधरा मिनिटांचा. एक परात, एक कढई, वाट्या शून्य.

‘आत्या, शंभर ग्रॅम हुलग्यात बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे साडेतीन अंड्यांइतकी!’

‘म्हणूनच आधी बैलाला भरडून घालायचो,’ आत्या म्हणाली. ‘उरलं तर तुझ्या मामांना.’

पुढचे आठ दिवस मी राजासारखा जेवलो. पिठलं-भाकरी, मुगाचं कढण, तांदुळजा, पुन्हा शेंगोळी. पिठलं तर इतकं झटपट की आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतला आली की गावकरी हजारो वारकऱ्यांना पिठलं-भाकरीच वाढतात. पुढं पालखी बारामतीत येते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला घोड्याचं. एवढं चालायचं बळ त्या पिठल्यात आहे म्हटल्यावर माझ्या सकाळच्या फेरीला ते पुरायला हरकत नव्हती. त्या फेरीत, कालव्याच्या कडेनं चालताना, मी मित्रांना सांगत सुटलो, ‘बायका उगाच बाऊ करतात. आपला पारंपरिक स्वयंपाक म्हणजे पंधरा मिनिटांचं काम!’

हे बहुधा आत्याच्या कानावर गेलं. नवव्या दिवशी तिनं रिकामी पुडी माझ्यासमोर झटकली.

‘पीठ संपलं. आज तू कर. पंधरा मिन्टं तर लागत्यात.’

हुलगे आणले. आधी निवडायचे. हुलगा आणि खडा देवानं एकाच साच्यातून काढलेत. चष्मा लावून दीड तास बसलो, तरी आत्यानं माझ्या निवडलेल्या ढिगातून मूठभर खडे वेचून दाखवले. मग भाजायचे. पहिला घाणा कोळसा झाला. मग गिरणी. गिरणीवाला म्हणाला, ‘आत्ता गव्हाचं दळण चाललंय. हुलगा शेवटाला. नाहीतर पुढच्या बाईच्या चपात्या काळ्या होतील आणि ती मला काळा-निळा करील.’ शेवट येण्याआधी लाइट गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. रांगेतल्या बायकांनी मला सहानुभूतीनं पुढं सोडलं. त्यांना वाटलं, मी विधुर आहे. पीठ घरी आलं तेव्हा माझ्या पंधरा मिनिटांचा तिसरा दिवस चालू होता.

मळायला बसलो तर आत्या म्हणाली, ‘तिखट कुठाय?’

मी दुकानातलं पाकीट पुढं केलं. तिनं हुंगलं, परत केलं आणि खाली बघत विचारलं, ‘ह्या फरशीच्या सांद्यात तांबडं कसलं रं?’

मी कबुली दिली. आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता हिशेब सांगितला. एप्रिलात मिरच्या आणायच्या, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला. देठं खुडायची, तेव्हापासून दोन दिवस डोळ्याला हात लावायचा नाही. गच्चीवर ऊन द्यायचं, वळीव आला की धावायचं. कांदा चिरून वाळवायचा, लसूण सोलायचा, धणे, खोबरं, खडा मसाला वेगवेगळा भाजायचा. मग डंकावर रांग, तिथं दिवसभर खोकायचं. ‘तेव्हा कुठं त्वा पाडलीस ती बरणी भरती.’

आमच्याकडे आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो, आणि तोड आली की फड एका सकाळीत आडवा. मग कोणी म्हणत नाही, ऊस म्हणजे एका सकाळचं काम. स्वयंपाकाबद्दल मात्र मी गेली तीस वर्षं तेच म्हणत होतो.

रविवारी इंदापूरला गेलो. मेव्हण्यानं भिगवणहून चिलापी आणली होती. सासूबाई डोळ्याला काळा चष्मा लावून म्हणाल्या, ‘बसा, दहा मिनिटांत तळून होतील.’ मला आता खोड लागली होती. मनात म्हटलं, हे दहा मिनिटांचे मासे ताटात यायला आधी उजनी धरण बांधावं लागलं, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली जावं लागलं, आणि काल रात्री कोणीतरी होडीत जाळी घेऊन जागं राहिलं. मी दोन तुकडे कमी खाल्ले. सासूबाईंना वाटलं, मीठ जास्त पडलं.

पुढच्या आठवड्यात बायको परतली. आत्या आदल्याच दिवशी गेली होती, मला रणांगणावर एकटं सोडून. पिशवी ठेवून बायको म्हणाली, ‘दमलेय. काहीतरी झटपट टाकते.’

एरवी अशा वेळी मी वर्तमानपत्र उघडतो. त्या दिवशी उठलो, लसणाचे दोन गड्डे घेतले आणि तिच्या शेजारी सोलायला बसलो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग वरच्या फळीकडे पाहिलं.

‘काय फोडलंत?’

‘एप्रिल,’ मी म्हणालो.